हमीपत्र नको, करार हवा

जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात. जुलै उजाडला की आमच्या सरकारी रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात ताप-खोकल्याच्या रांगेत एक वेगळी तक्रारही येऊन उभी राहते. आईच्या हातात केसपेपर असतो आणि पिशवीत शाळेची डायरी. डायरीत लाल शाईचे शेरे असतात: ‘वर्गात जागेवर बसत नाही’, ‘गृहपाठ अपूर्ण’, ‘शेजारच्या मुलाला मारले’. असे तीन-चार शेरे जमले की काही शाळा पालकांना बोलावून हमीपत्र लिहून घेतात. मजकूर साधारण सारखाच असतो. यापुढे माझा पाल्य शिस्तीत वागेल, अन्यथा शाळा घेईल तो निर्णय आम्हाला मान्य राहील. खाली आईची किंवा वडिलांची सही.

अंधेरी असो, बोरिवली, मुलुंड असो की घाटकोपर, पुढची गोष्ट फारशी बदलत नाही. घरी आल्यावर मुलाला दोन धपाटे बसतात, आठवडाभर बरे जाते आणि मग पुन्हा शेरा येतो. शेवटी पालक आमच्यासमोर बसतात आणि म्हणतात, “डॉक्टर, याला काहीतरी औषध द्या. कितीही सांगा, ऐकतच नाही.”

औषधाचा विषय पुढे येईलच. आधी त्या हमीपत्राकडे नीट पाहू. ज्याच्या वागण्याबद्दल ते लिहिले आहे, त्या मुलाला कोणी काही विचारलेले नाही. ‘शिस्तीत वागेल’ म्हणजे नेमके काय करेल, हे त्यात नाही. कधीपासून कधीपर्यंत, तेही नाही. नीट वागला तर काय होईल याबद्दल एक अक्षर नाही, बिघडले तर काय होईल एवढे मात्र आहे. आणि मोठ्यांनी, म्हणजे घराने आणि शाळेने, काय करायचे याचा तर उल्लेखच नाही. असा कागद म्हणजे लेखी दिलेला दम. दमाचा परिणाम दम देणारा समोर असेपर्यंत टिकतो, हे आपण सगळे लहानपणापासून जाणतो.

मुलांच्या वागण्याच्या शास्त्रात याला एक चांगला पर्याय आहे. त्याला वर्तन-करार म्हणतात. मूल आणि मोठी माणसे एकत्र बसून ठरवतात की कोणी काय करायचे, केव्हा करायचे आणि केल्यावर काय मिळेल. मग ते लिहून दोघेही सही करतात. यासाठी वही, पेन आणि मोठ्यांनी आपला शब्द पाळण्याची तयारी एवढे पुरते. यातली तिसरी गोष्ट मिळवणे सर्वांत अवघड असते.

सात वाजताचा भोंगा

करार आणि दम यांतला फरक समजून घेण्यासाठी आपल्याच राज्यातल्या दोन गावांकडे पाहू.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. लोकसंख्या सुमारे तीन हजार, बहुतेक लोक शेतकरी किंवा साखर कारखान्यात काम करणारे. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरल्या आणि मुलांच्या हातात मोबाईल आले. पुढे शाळा प्रत्यक्ष सुरू झाल्या, पण मोबाईल काही हातातून सुटेनात. शिक्षकांच्या ते लक्षात आले. १४ ऑगस्ट २०२२ रोजी गावाने बैठक घेऊन निर्णय केला आणि दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासून, रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. पहिला भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद करायचे. साडेआठला दुसरा भोंगा झाला की हवे तर सुरू करायचे. मधला दीड तास अभ्यास, वाचन आणि एकमेकांशी बोलणे. सुरुवातीला पुरुष मंडळींनी ही कल्पना हसण्यावारी नेली. गावातल्या बायकांनी ती उचलून धरली. सुरुवातीचे काही दिवस घरोघर फिरून लोकांना समजवावेही लागले.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावच्या ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. दोन्ही गावांची काळजी एकच होती आणि ती खरी होती. पण दोन्ही निर्णयांची घडण वेगळी आहे. वडगावचा नियम दीड तासापुरता आहे, त्याला सुरुवात आणि शेवट आहे, तो पाळला की नाही हे डोळ्यांना दिसते आणि तो सरपंचांपासून पहिलीतल्या मुलापर्यंत सर्वांना सारखाच लागू आहे. बान्सीचा नियम फक्त मुलांसाठी, दिवसभरासाठी आणि पूर्ण बंदीचा आहे. बारा वर्षांच्या मुलाला यातला कोणता नियम न्याय्य वाटेल, हे सांगायला डॉक्टरची गरज नाही. मुलांना नियमांचा राग कमी आणि एकतर्फी नियमांचा राग जास्त असतो.

उपनगरातल्या इमारतीत भोंगा लावता येणार नाही. पण वडगावच्या चार गोष्टी कोणत्याही वन रूम किचनमध्ये आणता येतात: नेमके वागणे, ठरलेली वेळ, मर्यादित मागणी आणि मोठ्यांनाही तोच नियम.

आधी पाढे, मग खेळ

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रिमॅक यांनी १९५९ मध्ये एक तत्त्व मांडले. जे काम माणूस आपणहून वारंवार करतो, ते नावडत्या कामानंतर मिळेल असे ठेवले, तर नावडते काम होऊ लागते. या तत्त्वाला तिकडे ‘आजीचा नियम’ असेही म्हणतात, कारण जगातल्या सगळ्या आज्या तो आधीपासून वापरत आल्या आहेत. ‘आधी पाढे, मग खेळ’ हे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. यात क्रम महत्त्वाचा. ‘आता खेळून घे, पण मग पाढे म्हणशील ना?’ असे उलटे केले की तत्त्व कोलमडते आणि रात्री साडेनऊला रडारड सुरू होते.

याच तत्त्वाच्या आधारे लॉईड होम यांनी १९७० च्या सुमारास शिक्षकांसाठी करारपद्धतीचे एक छोटे पुस्तक लिहिले. त्यातल्या सूचना आजही जशाच्या तशा वापरता येतात. करार सोपा, न्याय्य आणि स्पष्ट असावा. सुरुवातीला काम छोटे असावे आणि फळ लगेच मिळावे. फळ काम झाल्यावरच द्यावे, आधी नाही. काय करू नये यापेक्षा काय करावे हे लिहावे. आणि फळ कामगिरीचे असावे, आज्ञाधारकपणाचे नसावे. ही शेवटची सूचना फार मोलाची आहे. ‘मी सांगितले ते ऐकलेस म्हणून’ यात मूल आपल्यावर अवलंबून राहते. ‘पाच गणिते पूर्ण केलीस म्हणून’ यात त्याला स्वतःच्या कामाची किंमत कळते.

हे काम का करते, याचे उत्तर मेंदूच्या वाढीत आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो थांबणे, आखणी करणे, पुढचा विचार करणे ही कामे सांभाळतो, तो पूर्ण परिपक्व व्हायला वयाची विशी ओलांडावी लागते. नऊ वर्षांच्या मुलाला दहावीच्या निकालाची भीती किंवा आमिष दाखवणे म्हणजे त्याला न दिसणाऱ्या डोंगराकडे बोट दाखवणे आहे. आज रात्री बाबांबरोबर कॅरमचा एक डाव, हे मात्र त्याला दिसते. करार म्हणजे दूरची गोष्ट मुलाच्या हाताला लागेल इतकी जवळ आणणे.

एका घरातला कागद

पुढे सांगतो ते कुटुंब एकच नाही. ओपीडीत भेटलेल्या अनेक घरांतले तपशील मिसळून ते तयार केले आहे, म्हणजे कोणाची ओळख उघड होणार नाही.

घर घाटकोपर पश्चिमेच्या डोंगरावरच्या वस्तीत. वडील रिक्षा चालवतात. आई अंधेरीच्या एमआयडीसीत कामाला, मेट्रोने जाते आणि संध्याकाळी सातला घरी पोचते. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. धाकटी बहीण पाच वर्षांची. दिवसभर मुले आजीजवळ. तक्रारी तीन: अभ्यासाला बसत नाही, बहिणीला मारतो आणि शाळेत दंगा करतो. वडिलांचे म्हणणे, “आम्ही पट्ट्याने सरळ झालो. याला लाडाने बिघडवलाय.” आजीचे म्हणणे, “पोर आहे, करायचंच.” आईला दोन्ही बाजूंनी बोलणी.

पहिल्या भेटीत करार करायचाच नसतो. आधी आठवडाभर फक्त मोजायचे. सोमवार ते शुक्रवारमध्ये किती दिवस तो एकदा सांगितल्यावर अभ्यासाला बसला? बहिणीवर किती वेळा हात उचलला? कॅलेंडरच्या चौकटीत खुणा करायच्या, काही बोलायचे नाही. आई आठवड्याने खुणा घेऊन आली. पाचपैकी एक दिवस तो आपणहून बसला होता. “कधीच बसत नाही” या वाक्यातून एक दिवस वजा झाला. हा एक दिवस हीच करार करण्याची जागा. आज एक दिवस जमत असेल, तर पहिल्या आठवड्यात मागणी दोन-तीन दिवसांची करायची, पाच दिवसांची नाही. पहिल्याच आठवड्यात मूल नापास झाले तर करारावरचा त्याचा विश्वास उडतो. तो परत मिळवणे कठीण.

रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, टीव्ही बंद करून चौघे बसले. वहीच्या एका पानावर लिहिले गेले ते साधारण असे:

सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी साडेसातला आई एकदाच सांगेल. दहा मिनिटांच्या आत मी वही उघडून बसेन आणि पंचवीस मिनिटे काम करेन.

राग आला तर मी बहिणीपासून दूर दारात जाऊन बसेन किंवा आजीला सांगेन.

आई पुन्हा पुन्हा सांगणार नाही, ओरडणार नाही. त्या पंचवीस मिनिटांत टीव्ही आणि सगळ्यांचे मोबाईल बंद राहतील.

बाबा हात उचलणार नाहीत. रविवारी सकाळी अर्धा तास माझ्याबरोबर क्रिकेट खेळतील.

आजी दुपारी मोबाईल देणार नाही.

ज्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे बसेन, त्या रात्री जेवणानंतर वीस मिनिटे माझ्या आवडीचा खेळ. तीन खुणा झाल्या की रविवारचा नाश्ता मी ठरवणार. बारा खुणा झाल्या की सगळे मिळून बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये जायचे.

खाली पाच सह्या. बहिणीने रेघोट्या मारल्या, त्याही ठेवल्या. आजीची सही मुद्दाम घेतली. घरात चार मोठी माणसे असतील आणि त्यातल्या एकाने करार मानला नाही, तर मूल बरोबर त्या माणसाकडे जाते. संयुक्त कुटुंबात करार मोडतो तो बहुतेक वेळा मुलामुळे नाही, तर ‘जाऊ दे, आज दे त्याला’ या प्रेमळ वाक्यामुळे.

यातली दोन वाक्ये पुन्हा वाचा. ‘हट्ट करणार नाही’, ‘मस्ती करणार नाही’ असे कुठेही नाही. मारायचे नाही, तर मग काय करायचे, हे लिहिले आहे. आणि रविवारचे क्रिकेट हे खुणांवर अवलंबून नाही. ते मुलाने काही केले नाही तरी मिळणारच. आईवडिलांचा वेळ, जेवण, झोप, मैदानावर खेळणे, जवळ घेणे या गोष्टी कराराच्या बाहेर ठेवाव्या लागतात. त्या कमवायच्या वस्तू नाहीत.

पहिल्या आठवड्यात दोन खुणा झाल्या. तिसऱ्या दिवशी त्याने वही फेकली आणि मोठा गोंधळ घातला. हे अपेक्षित असते. जुनी युक्ती चालेनाशी झाली की मूल तीच युक्ती आधी अधिक जोरात करून पाहते. याच दिवशी बहुतेक घरे करार सोडून देतात आणि ‘आमच्याकडे हे चालत नाही’ म्हणतात. इथे काही करायचे नसते. त्या दिवशी खूण नाही, खेळ नाही, टोमणाही नाही. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. मिळवलेल्या खुणा मात्र कधीही काढून घ्यायच्या नाहीत. आपला पगार आधीच्या महिन्याचा कापला तर आपल्याला कसे वाटेल?

दर रविवारी दहा मिनिटांची बैठक. काय जमले, काय नाही, काही बदलायचे का. दुसऱ्या रविवारी मुलाने सांगितले की साडेसातला खाली सगळी मुले खेळत असतात, आठ वाजता बसतो. आईने मान्य केले. तिसऱ्या आठवड्यात चार खुणा आल्या. मोठ्यांनी माघार घेतली असे वडिलांना वाटले होते. प्रत्यक्षात मुलाला पहिल्यांदाच कळले की आपले म्हणणे ओरडल्याशिवायही ऐकले जाते.

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात

शिक्षिका म्हणतात, “डॉक्टर, तुमच्यासमोर एक मूल असतं, आमच्यासमोर साठ.” ही अडचण खोटी नाही. म्हणून शाळेतला करार अगदी आटोपशीर असावा लागतो. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन चौकटी. उदाहरणार्थ, पहिल्या तासापासून मधल्या सुट्टीपर्यंत, मधल्या सुट्टीत आणि सुट्टीनंतर शाळा सुटेपर्यंत. एकच वागणे पाहायचे, जसे ‘बोलण्याआधी हात वर केला’. जमले तर बरोबरची खूण, नाही जमले तर चौकट रिकामी. शेरा लिहायचा नाही. दिवसाला शिक्षिकेचे एक मिनिटही जात नाही. कागद घरी येतो आणि फळ घरी मिळते. याला दैनंदिन कार्ड म्हणतात. अतिचंचल मुलांसाठी ही पद्धत वर्तनोपचारात सर्रास वापरली जाते. हे कार्ड वर्गातल्या फळ्यावर किंवा भिंतीवर लावू नये. सगळ्यांसमोर रिकाम्या दिसणाऱ्या चौकटी म्हणजे पुन्हा तीच जुनी शिक्षा.

संपूर्ण वर्गाचाही करार होऊ शकतो. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात चौथीच्या एका दंगेखोर वर्गावर एक प्रयोग झाला. वर्गाचे दोन गट केले. नियम आधी सांगितले. कमी नियम मोडणाऱ्या गटाला काही सवलती मिळत आणि दोन्ही गटांनी ठरलेल्या मर्यादेत वागले तर दोन्ही गट जिंकत. जागेवरून उठणे आणि गोंधळ दोन्ही लक्षणीय घटले. ‘चांगल्या वर्तनाचा खेळ’ म्हणून हा प्रयोग पुढे अनेक देशांत गेला. आपल्या शाळांत तो करताना एक काळजी घ्यावी. एकाच मुलामुळे गट हरत असेल तर मुले त्याला वाळीत टाकतात. अशा मुलाचा वेगळा करार करावा.

ही लाच नाही का?

हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो आणि तो विचारायलाच हवा. लाच आणि मोबदला यांत एक साधा फरक आहे. मूल दुकानात लोळण घेते आणि आपण शांत करायला चॉकलेट देतो, ती लाच. ती चुकीचे वागणे सुरू झाल्यावर, ते थांबवण्यासाठी दिलेली असते आणि पुढच्या वेळी लोळण घेण्याचीच सवय लावते. करारातले फळ आधी ठरलेले असते आणि चांगले वागून झाल्यावरच मिळते.

तरीही शंकेला जागा आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये एक प्रसिद्ध अभ्यास प्रकाशित केला. स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या, चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगून ते दिले. काही दिवसांनी मोकळ्या वेळात हीच मुले इतरांपेक्षा चित्रांकडे कमी वळली. जे आनंदासाठी होत होते, ते बक्षिसासाठीचे काम झाले.

आपल्याकडे हा विचार आणखी जुना आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी माँटेसरींच्या वाटेने जाताना शिक्षा आणि बक्षीस दोन्हींना नकार दिला. पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्याबरोबर आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, ते मुलांच्या स्वतःच्या उत्सुकतेवर उभे होते. त्यांचे म्हणणे मोडून काढण्यासारखे नाही. ते लक्षात ठेवूनच करार वापरायचा. जे मूल आवडीने करते, त्याला बक्षीस लावू नका. गोष्टीची पुस्तके वाचणाऱ्या मुलाला पानामागे रुपया देऊ नका. करार फक्त अडलेल्या गाडीला धक्का देण्यासाठी आहे. गाडी सुरू झाली की धक्का देणे थांबवायचे. आधी रोजचे फळ दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग फक्त ‘आज स्वतःहून बसलास, मी पाहिले’ एवढे. साधारण सहा ते आठ आठवड्यांत कागद भिंतीवरून उतरला पाहिजे. वर्षभर टिकलेला करार यशस्वी नसतो.

फळे पैशांची नकोत, खाऊची तर नकोतच. मोबाईल हे फळ ठेवायचे असेल तर मर्यादा आधी ठरवा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील बाळांना पडदा अजिबात नको, दोन ते पाच वयात दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको आणि पाच ते दहा वयात दोन तासांपेक्षा कमी हवा.

रिकाम्या चौकटी काय सांगतात

करार हे उपचाराचे साधन आहे, तसेच ते निदानाचेही आहे, आणि डॉक्टर म्हणून मला हा उपयोग सर्वांत मोठा वाटतो. वर सांगितलेल्या मुलाचे घरचे कागद सुधारले, पण शाळेचे कार्ड अडून राहिले. कार्डांचा गठ्ठा मांडून पाहिल्यावर एक गोष्ट दिसली. गणिताच्या तोंडी उत्तरांत, चित्रकलेत, खेळाच्या तासाला खुणा होत्या. भाषेच्या तासाला, जिथे उभे राहून मोठ्याने वाचायचे असते, तिथे चौकटी सतत रिकाम्या. वाचायची पाळी आली की तो शेजारच्याला चिमटा काढायचा आणि वर्गाबाहेर उभा राहायचा. वर्गाबाहेर उभे राहणे ही त्याच्यासाठी शिक्षा नव्हती, सुटका होती. जे मूल वाचू शकत नाही, त्याला वाचल्याबद्दल कितीही मोठे फळ दाखवले तरी ते वाचणार नाही. अशा मुलाची दृष्टी, श्रवण आणि मग अध्ययन अक्षमतेची तपासणी व्हायला हवी. मुंबईत शीव, केईएम आणि नायर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ती होते, आणि निदान झाल्यास परीक्षेत सवलती मिळतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलाच्या कपाळावरचा ‘आळशी’ आणि ‘दंगेखोर’ हा शिक्का पुसला जातो.

म्हणून नियम असा: मुलाच्या हातात जे आहे, त्याचाच करार होतो. अंथरूण ओले होणे, तोतरे बोलणे, बद्धकोष्ठामुळे कपडे खराब होणे यांचा करार करू नका, ते मुद्दाम केलेले नसते. वर्गात मधेच काही सेकंद शून्यात पाहणारे, हाक मारली तरी भानावर न येणारे मूल ‘दुर्लक्ष करणारे’ नसून त्याला अपस्माराचा एक प्रकार असू शकतो. एरवी शांत असलेले मूल अचानक चिडचिडे झाले, शाळेत जायला घाबरू लागले, झोप-जेवण बिघडले, तर आधी शोधा की त्याच्यावर कोणी दादागिरी किंवा अत्याचार तर करत नाही ना. घरात आईला मारहाण होत असेल, तर मुलाच्या वागण्याचा करार करून काही साधणार नाही. आणि मूल ‘मला जगायचंच नाही’ असे काही बोलले, तर त्या दिवशीच डॉक्टरांना भेटा. टेली-मानसची १४४१६ आणि चाइल्डलाइनची १०९८ या मोफत हेल्पलाइन आहेत.

औषधाबद्दल विचारले जाते, म्हणून तेही सांगतो. एडीएचडी म्हणजे अतिचंचलता आणि अवधानाचा अभाव, हे खरे निदान आहे आणि त्यावर औषधे आहेत. पण अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१९ च्या सूचनाही सांगतात की सहा वर्षांखालील मुलांत पहिला उपचार म्हणजे पालकांना वर्तन हाताळण्याचे प्रशिक्षण, आणि त्यापुढच्या वयात औषधासोबत वर्तनोपचार हवाच. औषधाने मूल पंचवीस मिनिटे बसू शकेल. त्या पंचवीस मिनिटांत काय करायचे, हे शिकवावेच लागते.

धपाट्याचे काय?

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र त्यात होता. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक शिक्षा भोगल्याचे सांगितले. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आणली. छडी बऱ्याच वर्गांतून गेली, पण तिच्या जागी काय आणायचे हे शिक्षकांना कोणी शिकवले नाही. त्या रिकाम्या जागेत लाल शेरे, टोमणे आणि हमीपत्रे येऊन बसली. घरात तर तो कायदा पोचतच नाही. पट्ट्याने मूल गप्प होते, हे खरे. पण ते शिकते एवढेच की राग आला की आपल्यापेक्षा लहान असलेल्याला मारायचे असते. वरच्या घरात मोठ्याने बहिणीवर हात उचलायला कुठे शिकले असेल, याचे उत्तर वडिलांनी स्वतःच, करारावर सही करताना, दिले. “मी थांबलो तर तो थांबेल का?” असे त्यांनी विचारले. त्यांनी थांबून पाहिले. बहिणीला मारणे पूर्ण बंद झाले नाही, पण खुणा करण्याइतके कमी झाले.

आपल्या घरी सुरुवात करायची असेल तर मूल साधारण पाच-सहा वर्षांचे झालेले असावे. त्याहून लहान मुलाला कागद कळत नाही, त्याला लगेच दिलेली शाबासकी आणि ठरलेला दिनक्रम पुरतो. दहा-बारा वर्षांपुढच्या मुलाला तारे आणि खुणा बालिश वाटतात. त्याच्याशी वाटाघाटी करा: घरी परतायची वेळ, मोबाईल चार्जिंगला कुठे ठेवायचा, कोणता विषय आधी. त्यालाच मसुदा लिहू द्या. आठवडाभर मोजा, एकच वागणे निवडा, मागणी छोटी ठेवा. आणि कागदावर मुलाचे नाव घालण्याआधी पहिल्या ओळीत स्वतःचे नाव घाला, ‘मी अमुक करीन’ असे. ती ओळ लिहिताना पेन अडले, तर मुलाकडून काहीही लिहून घेण्याची वेळ अजून आलेली नाही.